ओतून टाकली

“ओतू नकोस,” पेडणेकरसाहेब म्हणाले. “इकडे आण.”

माझा हात मोरीच्या तोंडाशी थांबला. हातात काचेचा मापाचा नळा होता आणि नळ्यात साठ मिली रम. गिरगावातल्या त्या परमिट रूममध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. आतला दिवा अजून लावलेला नव्हता. पेडणेकरांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक चपटी बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची असावी. कागद खरवडून काढलेला, आतून लखलखीत धुतलेली. त्यांनी नळा माझ्या हातातून घेतला, बाटलीच्या तोंडाला टेकवला आणि एक थेंब इकडे-तिकडे न जाऊ देता सगळी रम आत उतरवली. बूच लावलं. बाटली पिशवीत डबा आणि छत्रीच्या मधे उभी ठेवली.

“लिही,” ते म्हणाले. “ओतून टाकली.”

मी लिहिलं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मापं तपासणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी नुकता लागलो होतो. तराजू, कापडाचे गज, रॉकेलची मापं यांना वेगवेगळे निरीक्षक होते, आणि पेडणेकरांकडे बार होते. पद्धत ठरलेली. साध्या गिऱ्हाईकासारखं टेबलाशी बसायचं, एक लार्ज मागवायचा, ओठाला न लावता तो शिक्क्याच्या नळ्यात ओतायचा. साठच्या खुणेला टेकला तर मालकाला नमस्कार करून बाहेर पडायचं. नाही टेकला तर पंचनामा. तपासून झालेली दारू सहायकानं मोरीत ओतायची आणि नोंदवहीत तसं लिहून खाली सही करायची. सहायक मी होतो. ‘ओतून टाकली’ या दोन शब्दांखाली ‘रं. भ. ढमाले’ ही सही माझी होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माणूस, घेत असेल घोटभर. पण दुसऱ्या दिवशी भायखळ्याला तेच, तिसऱ्या दिवशी लालबागला तेच. आणि या माणसाच्या तोंडाला कधी वास नाही. सकाळी कचेरीत यायचे ते कपाळाला गंध लावून, दाढी घोटून. मग जात कुठे होती ती बाटली?

चौथ्या दिवशी दिवेकरांनी मला आत बोलावलं. ते आमचे वरिष्ठ. त्यांनी चहा मागवला, माझं गाव विचारलं. मी मावळातलं सांगितलं. वडील काय करतात विचारलं, मी सांगितलं. मग टेबलाच्या खणातून एक पत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. खाली नाव नव्हतं. पेडणेकर रोज प्रत्येक बारमधून काहीतरी घेऊन घरी जातात, वेगळ्या वहीत टिपणं ठेवतात, चौकशी व्हावी, एवढाच मजकूर.

दिवेकर मला दरडावून काही बोलले नाहीत. पेडणेकरांना निवृत्त व्हायला दोन महिने आहेत, आरोप खरा निघाला तर पेन्शन अडकेल, तेव्हा नुसत्या तोंडच्या गोष्टी नकोत, कागदावर पाहिजे, असं शांतपणे म्हणाले. आणि निघताना, जणू सहज आठवलं म्हणून, माझी नेमणूक सहा महिन्यांची आहे आणि ती पुढे चालवण्याचा शेरा तेच लिहितात, हेही सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मी पेडणेकरांकडे तराजूकडे बघावं तसं बघू लागलो. काटा कुठे झुकतो, एवढंच.

आणि एकदा संशयाचा डोळा उघडला की दिसायला काय कमी! कचेरीनं यादी दिली होती एका भागातले सगळे बार संपवून पुढच्या भागात जाण्याची. पेडणेकर ती मानत नसत. आज गिरगाव तर उद्या कुर्ला, परवा फोर्ट, मग एकदम परळ. एका आठवड्यात एक भाग दोनदा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “एकाच गल्लीत रोज गेलं की बातमी आपल्या आधी पोचते.” कारण पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला पटलं नाही.

मग ते वेटरना काहीतरी विचारत बसायचे. माप तपासून झालं, काम संपलं, तरी दहा-पंधरा मिनिटं उठायचे नाहीत. कुर्ल्याच्या बारमध्ये त्यांनी वेटरला जवळ बोलावून विचारलं की तो दाराजवळचा मनुष्य रोज येतो का. रोज येतो म्हटल्यावर, कधीपासून. मग त्याच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं कशाला. वेटर हसला, खाली वाकून कानात काही बोलला. पेडणेकरांनी मान डोलावली आणि पिशवीतून वही काढली. कचेरीची नाही, लाल पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. एक ओळ लिहिली, वही मिटली.

लालबागला आम्ही देशीच्या गुत्त्यात उभे होतो. तिथे बसायला काही नसतंच; भिंतीला कंबरेएवढी फळी, फळीवर ग्लास, ग्लासापुढे माणूस. सगळे मिलवाले, म्हणजे पूर्वीचे. मला तिथे दिसलं ते एवढंच की मालकानं पेडणेकरांना बघताच गल्ल्यामागून हात जोडले आणि पेडणेकरांनी डोळ्यांनीच त्याला काही खूण केली. मी मनात लिहून घेतलं: लालबाग, जुनी ओळख.

रात्री काळाचौकीच्या खोलीत, आमच्या तालुक्याच्या सहा पोरांच्या अंथरुणांमधे मी पडून राहायचो आणि त्या लाल वहीचा विचार करायचो. एक भाग, एक ओळ. हप्त्याची यादी नाही तर दुसरं काय असणार?

ती वही मला मिळाली ती दादरला. पेडणेकर हात धुवायला आत गेले, पिशवी खुर्चीला लटकत होती. माझ्याकडे दोन मिनिटं होती. मी वही उघडली आणि हाताला लागेल ते पान नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. घाईत असं लिहिलं की माझंच अक्षर मला नंतर लागेना. त्यात होतं:

‘गिरगाव. पांढरं मेज. तीन पाती, एक वाकडं. गल्ल्यावरच्याला पुढचा दात नाही.

कुर्ला. दोन पेनं. एक लाल.

परळ. दोन भाऊ, बोलत नाहीत. शेंगदाणे.

लालबाग. भोंगा नाही.’

ते घेऊन मी रविवारभर बसलो. मापाच्या खात्यातला माणूस. आकडा दिसला की त्याला त्यामागे वजन दिसतं. तीन पाती म्हणजे तीनशे, एक वाकडं म्हणजे त्यातलं शंभराचं येणं बाकी. दोन पेनं म्हणजे दोनशे, पैकी एक लाल, म्हणजे पोचलं. दोन भाऊ म्हणजे दोन हजार, बोलत नाहीत म्हणजे द्यायला तयार नाहीत. शेंगदाणे म्हणजे किरकोळ. भोंगा नाही म्हणजे लालबाग माफ, जुन्या ओळखीखातर. मी हे सगळं समास आखून, दोन रकान्यांत, सुवाच्य अक्षरात लिहिलं. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे माझा अर्थ. लिहिताना मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू? वर्गात सगळ्यात अवघड गणित सुटल्यावर होतो तसा.

सोमवारी कागद दिवेकरांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या सोमवारी चौकशी ठेवतो म्हणाले. मग भुवई उचलून विचारलं की मी पेडणेकरांचं घर बघितलंय का. नव्हतं बघितलं. कचेरीत कुणीच बघितलं नव्हतं; इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला घरी नेलं नव्हतं. बघून ये, ते म्हणाले. घरात काय काय आहे ते बघ.

शनिवारी आम्ही माहीमला होतो. चंद्रविलास नावाची परमिट रूम, पश्चिमेला एक खिडकी. माप बरोबर निघालं. पेडणेकर नेहमीसारखे बसून राहिले, वेटरशी बोलले, वहीत लिहिलं, बाटली भरून घेतली. मी ‘ओतून टाकली’ लिहिलं आणि पानाखाली लागणारी निरीक्षकाची सही मुद्दाम घ्यायला विसरलो. ते बसमध्ये चढले. मी तासभर फिरलो, मग नोंदवही काखेत घेऊन घोडपदेवला त्यांच्या चाळीत गेलो. सहीसाठी आलो, असं सांगायचं ठरलं होतं.

साडेसात झाले असतील. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. एकीनं मला शेवटची खोली दाखवली आणि म्हणाली की आत्ता तिकडे कुणी जात नाही, या वेळेला ते दार लावून घेतात. दार लावून! मी तिकडे गेलो. दार लावलेलं होतं, पण खिडकीची एक फळी वाऱ्यासाठी बोटभर उघडी होती. मी तिथे उभा राहिलो.

आत श्रीमंती शोधायची होती. एक पलंग, एक कपाट, देवाचा कोनाडा, रेडिओवर विणलेला रुमाल. पलंगावर एक बाई उशांना टेकून बसवलेली. केस पांढरे, पण वेणी घट्ट, ताजी घातलेली. तिचा डावा हात मांडीवर पडलेला होता, कुणीतरी तिथे आणून ठेवलेल्या वस्तूसारखा. पेडणेकर तिच्यापुढे स्टुलावर बसले होते. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, वाटीत थोडी रम ओतली, माठातलं पाणी घातलं आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं घेतला. डोळे मिटले. उघडले.

“आज खंयसून?” तिनं विचारलं. शब्द जरा एका बाजूनं बाहेर पडत होते.

“माहीम.”

“दर्यो दिसता थंयसून?”

ते म्हणाले, दिसत नाही, वास येतो. आणि मग सांगू लागले. मालवणीत, हळू, मधे मधे चमचा देत. मी त्याच बारमध्ये त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो, दोन तासही झाले नव्हते. ते सांगत होते त्यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात म्हणे लग्नाच्या बँडमधला एक म्हातारा होता, लाल कोटाचं एक सोनेरी बटण तुटलेलं. क्लॅरिनेट त्यानं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं होतं, टॉवेलात गुंडाळून, थंडी लागू नये तसं. आणि वेटरनं त्याच्यापुढे चण्यांची बशी ठेवली तशी क्लॅरिनेटपुढेही एक ठेवली, कारण त्या खुर्चीवर पूर्वी त्याचा जोडीदार बसायचा. खिडकीतून खारा वारा आला तेव्हा एक कोळी उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली. म्हणाला, दिवसभर त्याच्यासमोरच असतो, इथे तरी नको.

ती ऐकत होती. उजव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरत होती. मग ती गुणगुणली. जात्यावरच्या ओवीची चाल. पण शब्द तिचे, तिथल्या तिथे जुळवलेले:

माहीमच्या खिडकीला, दर्या घाली हाक,
कोळी म्हणे लाव कडी, दिसभर त्याचा धाक.

पेडणेकरांनी वही काढून ते लिहून घेतलं. ती म्हणाली, परळचे भाऊ वाचा. त्यांनी पान उलटून वाचलं आणि सांगितलं, तिला पाठ असलेली गोष्ट पुन्हा: एका टेबलाशी रोज बसणारे दोन सख्खे भाऊ, घराच्या वाटणीवरून सहा वर्षं एकमेकांशी अबोला, बिलं वेगळी, पण शेंगदाणे थोरला धाकट्यासाठी मागवतो आणि धाकटा थोरल्यासाठी. तिनं विचारलं, आता तरी बोलतात का. त्यांनी नकाराची मान हलवली. मग लालबागचं म्हण, ते म्हणाले, आणि तिनं म्हटलं:

भोंगा गेला गावाला, उरली नुसती सांज,
उभ्या उभ्या पिती बाप्ये, ग्लासाची वाजे झांज.

माझे दोन रकाने माझ्या डोळ्यांपुढे होते. डावा आणि उजवा.

“आणि तो तुमचो कचेरीतलो झील?” ती म्हणाली. “तो काय म्हणता?”

“संशयी आसा,” पेडणेकर म्हणाले. “पण हात थीर आसा त्याचो.”

नोंदवही माझ्या काखेतून घसरली. आवाज झाला. पेडणेकर उठले, बाहेर आले, मागे दार ओढून घेतलं. मला बघून ते दचकले नाहीत. गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपांपाशी त्यांनी मला नेलं आणि आधी नोंदवही उघडून सही केली. मग पेन खिशाला लावलं.

सोमवारी चौकशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. कागद कुणी लिहिला तेही. ते रागावलेले दिसले नाहीत, आणि तेच मला सोसेना. मी म्हणालो की मी दिवेकरांना सगळं सांगतो. वहिनींसाठी नेता, त्या आजारी आहेत, वहीत पैशाचा एक आकडा नाही. साहेब काही राक्षस नाहीत, ऐकतील.

“तिचं नाव घ्यायचं नाही,” पेडणेकर म्हणाले.

“पण पेन्शन—”

“ढमाले, इकडे बघ.” त्यांनी हनुवटीनं गॅलरीकडे दाखवलं. तांदूळ निवडणाऱ्या बायका, पलीकडे स्टोव्ह पेटवणारी एक. “मी सकाळी नऊला निघतो. ती निळ्या पातळातली आहे ना, ती हिला अंघोळ घालते. पलीकडची जेवण भरवते. वेणी घालते ती तिसरी. दोन वर्षं. एक पैसा घेत नाहीत. यांना कळलं की बाई रोज दारू घेते, तर उद्या यातली कोण तिला हात लावील?”

मी निळ्या पातळातलीकडे बघितलं; ती तांदळातला खडा वेचत होती.

“लग्न करून आली तेव्हा माझ्या कपड्यांना वास यायचा. विचारायची, आज कुठे होता, तिथे कोण होतं. मुंबईत तीस वर्षं राहून तिनं भायखळ्याचा बाजार आणि भाऊचा धक्का, एवढंच बघितलंय. म्हणायची, तुम्ही रिटायर झालात की एकेका भागात एकेक संध्याकाळ जायचं. मी पण टेबलाशी बसणार, मी पण मागवणार. मी हो म्हटलं होतं.” ते पिंपाच्या झाकणावर बोट फिरवत होते. “मग हे झालं. आता तिला नेता येत नाही, तर तेवढं आणतो. तू जे लिहिलंस ते तसंच राहू दे. लाच घेतो म्हणून लिहू दे. पितो म्हणून लिहू दे. माझं नाव आहे, मी त्याचं काय वाटेल ते करीन. तिचं नाही.”

आतून तिनं हाक मारली. ते गेले. मी जिना उतरलो.

सोमवारी दिवेकरांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. लिहून घ्यायला एक कारकून भिंतीशी. माझा कागद टेबलाच्या मधोमध. दिवेकरांनी पेडणेकरांना विचारलं की तपासणीची दारू बाटलीत भरून नेत होता हे खरं का. पेडणेकर म्हणाले, खरं. कुठे नेत होता? पेडणेकर गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. कारकुनाचं पेन ‘उत्तर दिलं नाही’ लिहायला खाली झुकलं.

“साहेब,” मी म्हणालो, “ती मी पीत होतो.”

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी तेवढ्या शांतपणे दुसरं काही बोललेलो नाही. दारू ओतायचं काम सहायकाचं, नोंद माझ्या अक्षरात, सही माझी. खोलीवर आम्ही सातजण, तिथे पिशव्या उघडल्या जातात, म्हणून बाटली पेडणेकरसाहेबांच्या पिशवीत ठेवायचो आणि बसस्टॉपवर काढून घ्यायचो. त्यांना मी औषधाला लागते म्हणून सांगितलं होतं. आणि वहीचं काय, तर ती माणसं बघून टिपलेली आहे, त्यात पैसा नाही. मी जे दोन रकाने केले ते माझं चुकलं होतं, स्वतःकडचं लक्ष दुसरीकडे वळवायला केलं.

पेडणेकर खुर्चीतून अर्धे उठले. “साहेब, हा पोरगा—”

दिवेकरांनी हात वर करून त्यांना बसवलं. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या घरी कुणी पीत नाही, हे पहिल्याच चहाच्या वेळी मी त्यांना सांगितलं होतं.

“रोज पीत होतास,” ते म्हणाले. “मग कशी लागते ते सांग.”

माझी जीभ कोरडी होती. तिच्यावर त्या दिवसापर्यंत दारूचा थेंब पडला नव्हता. पण माझ्या कानात एक आवाज होता, शनिवारी खिडकीतून ऐकलेला, आणि दुसरं काही नसल्यामुळे मी त्या आवाजाच्या मागून गेलो.

“कुठली, साहेब?” मी म्हणालो. “गिरगावातली थंड लागते. तिथे टेबल संगमरवरी आहे, बर्फाशिवायच ग्लास गार होतो. वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, ते फिरताना ग्लासात दिसतं. परळला गोड लागते, पण ती शेंगदाण्यांनी. आणि शेंगदाणे आपण मागवलेले नसतात. लालबागची उभ्यानं घ्यायची. तिथे ग्लास फार घट्ट धरतात, साहेब, हाताला दुसरं काम नाही म्हणून. माहीमची खारट. खिडकी लावली तरी खारट.”

कारकुनाचं पेन थांबलं होतं. दिवेकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“खोटं बोलतोयस,” ते म्हणाले. “पण लिहून घ्यावंच लागेल.”

मग कारकुनाला सांगितलं, आणि त्यानं लिहिलं.

माझी नेमणूक पुढे चालवली गेली नाही. तपासणीची दारू प्यायल्याबद्दल, असं कारण लिहिलेल्या हुकमाची एक प्रत रिवाजाप्रमाणे गावच्या पत्त्यावर गेली. वडिलांनी ती वाचून घडी करून देवघरात ठेवली आणि पुढचं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलू लागले तेव्हाही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता ते नाहीत.

त्या दिवशी कचेरीच्या जिन्यात पेडणेकर माझी वाट बघत उभे होते. आभार वगैरे काही नाही. उलट संतापाने त्यांचा आवाज चिरकला होता. कुणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला, असं काहीतरी म्हणाले. माझ्या शर्टाची कॉलर उगाच सरळ केली आणि निघून गेले. उरलेला सव्वा महिना त्यांना टेबलावरचं काम दिलं गेलं, बारच्या फेऱ्या बंद झाल्या. मग ते निवृत्त झाले. पेन्शन लागली.

मला रे रोडला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं. घोडपदेव तिथून पायी दहा मिनिटं. तरी महिना-दीड महिना मी त्या रस्त्यानं गेलो नाही. एका शनिवारी काम लवकर सुटलं, आणि मी उलट दिशेला, मशीद बंदरकडे चालत गेलो. तिथे एका बारसमोर थांबलो. आत एकट्यानं, मापाशिवाय, शिक्क्याशिवाय जाण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. टेबल कुठलं धरावं कळेना. वेटरनंच खुर्ची ओढून दिली आणि काय आणू विचारलं. मी रम सांगितली. मग तिथे बसून राहिलो.

मसाल्याच्या गोदामांतले हमाल तिथे येत होते. त्यांच्या खांद्यांवर हळद बसलेली. एकजण आत आला की त्याच्याबरोबर मिरच्यांचा खाट यायचा, अख्खा बार शिंकायचा आणि आधीपासून बसलेले त्याला शिव्या द्यायचे. मग तो बसायचा आणि पुढच्याला शिव्या द्यायला तयार व्हायचा. गल्ल्यावरचा म्हातारा शेट्टी प्रत्येक शिंकेला बोट मोडून मोजत होता. मी वेटरला विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, ज्या दिवशी शंभर शिंका होतात त्या दिवशी मालक पापड फुकट देतो, आज ब्याऐंशी झाल्यात.

उठताना मी वेटरला माझा पेग तसाच सोड्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मागितला. त्यानं काही विचारलं नाही.

घोडपदेवला दार पेडणेकरांनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, गॅलरीत दोन्ही बाजूंना बघितलं आणि मला आत घेऊन कडी लावली. पलंगावरून तिनं मला न्याहाळलं.

“ह्योच काय?”

“ह्योच,” पेडणेकर म्हणाले.

मला स्टुलावर बसवलं. काय बोलायचं ते सगळं वाटेत जुळवलं होतं, ते एकदम कुठे गेलं कळेना. हळदीपासून सुरुवात करावी की शिंकांपासून? मी चाचरत मशीद बंदर म्हणालो. म्हणालो, तिथे माणसाआधी मिरची आत येते. तिच्या तोंडाची एक बाजू हसली. उजवा हात चादरीवर सावकाश हलायला लागला.

पेडणेकरांची पाठ आमच्याकडे होती. कपाटातून त्यांनी घरचा एक जुना नळा काढला होता, खुणा झिजलेला, आणि माझ्या बाटलीतली रम त्यात ओतून ते तो दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघत होते.

“पाच मिली कमी आसा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, कचेरीतल्या आवाजात: “ढमाले, देताना बघितलं नाहीस?”

नव्हतं बघितलं. वेटर पेग बाटलीत भरत होता तेव्हा मी दारातून येणाऱ्या एका हमालाकडे बघत होतो, ब्याऐंशीचे त्र्याऐंशी होतात का म्हणून.

“गप ऱ्हवा ओ,” ती नवऱ्याला म्हणाली. “त्येका सांगूंदे.”